विमानाची तपासणी आणि वेळापत्रकाचा दबाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक प्रवाशांचे आहेत. काही प्रश्न एएमईचा, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याचा कोर्स करणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे आहेत. उत्तरांत जुन्या अपघातांचा उल्लेख वारंवार येईल. त्याला इलाज नाही. दबाव कुठल्याही नोंदवहीत लिहिलेला नसतो आणि तो स्वच्छ दिसतो तो चौकशी अहवालातच.

‘तांत्रिक कारणामुळे विलंब’ अशी घोषणा होते तेव्हा नेमकं काय चाललेलं असतं?

बहुतेक वेळा अगदी साधं काहीतरी असतं. आधीच्या फेरीच्या वैमानिकाने टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, स्नॅग लिहिलेला असतो (हँगरमध्ये बिघाडाला सगळे स्नॅगच म्हणतात). किंवा विमानाभोवती फेरी मारताना अभियंत्याला झिजलेला टायर, पाझरलेलं तेल, पक्षी धडकल्याची खूण असं काही दिसलेलं असतं. मग तो बिघाड आत्ताच दुरुस्त करायचा की नियमात बसत असेल तर पुढे ढकलायचा, हे ठरवावं लागतं. परवानाधारक माणसाने सही केल्याशिवाय विमान हलत नाही. आपण गेटवर थांबलेलो असतो ते त्या सहीसाठी.

स्वस्त तिकिटांच्या कंपन्यांमध्ये विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत जेमतेम अर्धा तास मिळतो. सकाळच्या पहिल्या फेरीला मुंबईत चाळीस मिनिटं गेली, की त्या विमानाच्या दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या घसरत जातात. अभियंता पंखाखाली उभा राहून टायर बघत असतो, तेव्हा त्याच्या वॉकी-टॉकीवर हे सगळं येतच असतं.

विमान किती वेळा तपासतात?

रोज तपासतात, आणि प्रत्येक उड्डाणाआधीही बाहेरून एक नजर टाकतात. त्यानंतर काहीशे उड्डाण-तासांनी ए-चेक होतो, तो बहुधा एका रात्रीत आटोपतो. साधारण दीड-दोन वर्षांनी सी-चेक येतो. त्यात विमान हँगरमध्ये जातं, पॅनेल उघडली जातात आणि काम कित्येक दिवस चालतं. सहा ते बारा वर्षांनी सगळ्यात मोठी तपासणी असते. तेव्हा विमान आतून जवळजवळ रिकामं करतात आणि आठवडेच्या आठवडे ते उडत नाही. आपल्याकडे हे जड काम मुंबई, नागपूर, हैदराबाद अशा ठिकाणी होतं. नागपूरला मिहानमध्ये बोइंगने उभारलेलं मोठं हँगर २०१५ पासून चालू आहे.

प्रत्येक कामाचं एक टास्क कार्ड असतं. काय उघडायचं, काय मोजायचं, किती मापापर्यंत चालेल आणि सही कोणाची, हे सगळं त्यावर छापलेलं असतं.

मग दबाव येतो कुठून? ‘तपासू नकोस, सही कर’ असं खरंच कोणी म्हणतं का?

क्वचित म्हणतात. पण तसं स्पष्ट सांगणारा साहेब त्यातल्या त्यात बरा, कारण त्याला नाही म्हणता येतं आणि त्याच्याविरुद्ध लिहूनही देता येतं.

नेहमीचा दबाव वेगळ्या वाटेने येतो. सी-चेकसाठी दिलेल्या दिवसांत एकही दिवस मोकळा ठेवलेला नसतो. पार्ट स्टोअरमध्ये नसतो आणि मागवला तर चार दिवस लागणार असतात. दहा माणसांच्या पाळीत सहाच आलेली असतात. सुपरवायझर फक्त ‘किती वेळ लागेल?’ एवढंच विचारतो, पण तासाभरात चार वेळा. यातलं काहीही बेकायदा नाही. तरी हातात फीलर गेज (बारीक फट मोजायची पट्टी) धरलेल्या माणसाला माहीत असतं, की आकडा मर्यादेच्या आत आला तर सगळे खूश होणार आणि बाहेर गेला तर सगळ्यांचे चेहरे पडणार.

एखादं खरं उदाहरण सांगाल?

माझ्या मते या विषयावर एकच प्रकरण वाचायचं असेल, तर अलास्का एअरलाइन्सच्या २६१ क्रमांकाच्या उड्डाणाचं वाचावं. ३१ जानेवारी २००० रोजी मेक्सिकोतल्या पोर्तो वायार्ताहून निघालेलं हे एमडी-८३ विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, अनाकापा बेटाच्या उत्तरेला समुद्रात कोसळलं. विमानात ८८ माणसं होती. एकही वाचलं नाही.

या विमानाच्या शेपटीवरचा आडवा पंख थोडा कलता करता येतो. उड्डाणात नाक हवं त्या पातळीवर ठेवण्यासाठी ते लागतं. त्याला कलवणारी यंत्रणा म्हणजे गाडीचं चाक बदलताना लावतो त्या स्क्रू-जॅकची मोठी भावंडं: एक लांब पोलादी स्क्रू आणि त्यावर ॲल्युमिनियम-ब्राँझचा नट. नटाचा धातू मऊ, त्यामुळे झिजायचं ते त्यानेच. मध्ये ग्रीस असेल तर ही झीज अगदी सावकाश होते. त्या विमानात नटाच्या आट्यांची सुमारे नव्वद टक्के जाडी झिजून गेली होती. उरलेले आटे उड्डाणात कातरले गेले आणि शेपटीवरचा ताबा सुटला. समुद्रातून वर काढलेल्या स्क्रूला तुटलेले आटे गुंडाळलेले होते आणि त्याच्या कामाच्या भागावर उपयोगी पडेल असं ग्रीस सापडलं नाही.

आता ग्रीस लावायच्या वेळापत्रकाकडे बघा. १९८७ मध्ये कंपनी दर ५०० उड्डाण-तासांनी तिथे ग्रीस लावत होती. ही मुदत टप्प्याटप्प्याने वाढत गेली. १९९६ मध्ये ती दर आठ महिन्यांनी अशी झाली आणि तासांची अट निघून गेली. आठ महिन्यांत ते विमान सुमारे २,५५० तास उडत होतं, म्हणजे मुदत पाचपट झाली होती. नट किती झिजला ते मोजायची तपासणी (स्क्रू आणि नट यांच्यातला ढिलेपणा, ज्याला एंड प्ले म्हणतात) १९८५ मध्ये दर ५,००० तासांनी होत होती. १९९६ पर्यंत ती दर तीस महिन्यांवर गेली, म्हणजे सुमारे ९,५५० तासांवर.

यातली कुठलीच गोष्ट चोरून झालेली नव्हती. प्रत्येक वाढीला एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची, संमती होती. शिवाय उत्पादकानेही आपल्या शिफारशी मधल्या काळात सैल केल्या होत्या. एंड प्लेची तपासणी दर दुसऱ्या सी-चेकला व्हायची. सी-चेकमधलं अंतर वाढलं, तसं या तपासणीतलं अंतरही त्यासोबत आपोआप वाढलं. ‘या एका नटाला हे चालेल का?’ हा प्रश्न कोणी वेगळा बसून विचारलाच नाही. ग्रीस नीट लागलं नाही तर झीज पकडायला तपासणी होती, पण ती लांब गेली होती. तपासणी लांबली तर झीज सावकाश ठेवायला ग्रीस होतं, पण तेही लांबलं होतं.

आणखी एक तपशील मला फार बोलका वाटतो. या विमानाला शेवटचं ग्रीस सप्टेंबर १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लागलं. काम करणाऱ्या मेकॅनिकने साधारण तासभर लागल्याचं सांगितलं. उत्पादकाच्या अंदाजाने ते काम नीट करायला चार तास लागतात.

१९९७ मध्ये त्याच विमानाचा नट बदलायचा ठरला होता, असं वाचलं. खरं आहे का?

खरं आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. सप्टेंबर १९९७ मध्ये हे विमान कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या हँगरमध्ये सी-चेकसाठी उभं होतं. तिथे एंड प्ले ०.०४० इंच भरला, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. कमाल मर्यादा तेवढीच होती. एका पाळीच्या प्रमुखाने कार्डावर नट बदलायचं लिहिलं. नवा नट स्टोअरमध्ये नव्हता. विमान परत द्यायची तारीख जवळ आली होती. तीन दिवसांनी दुसऱ्या पाळीने आधीची नोंद खोडून पुन्हा मोजायचं ठरवलं. अनेकदा मोजलं आणि आकडा ०.०३३ आला. विमान सुटलं. त्यानंतर अपघातापर्यंत त्या नटाचं माप पुन्हा कधी घेतलं गेलं नाही, कारण पुढची मुदत तीस महिन्यांनी होती.

०.०४० चं ०.०३३ झालं, म्हणजे लबाडी झाली का?

तसं सिद्ध झालेलं नाही आणि तसं म्हणण्याची घाई मी करणार नाही. हे मोजमाप मुळातच नाजूक असतं. एक खास फिक्श्चर (पकडून ओढायचं साधन) लावून ठराविक ताकदीने ओढायचं आणि डायलवरचा आकडा वाचायचा. माणूस बदलला, ओढ बदलली की आकडा थोडा हलतो. पुढे असंही उघड झालं, की कंपनी वापरत असलेली फिक्श्चर घरच्या घरी बनवलेली होती आणि उत्पादकाच्या मापांत बसत नव्हती.

माझा आक्षेप वेगळ्याच ठिकाणी आहे. पहिल्यांदा ०.०३३ आला असता, तर ‘पुन्हा मोजून बघू, कदाचित ०.०४० असेल’ असं कोणी म्हटलं असतं का? फेरमोजणी नेहमी गैरसोयीच्या आकड्याचीच होते. शंकेचा फायदा विमानाला मिळाला, प्रवाशांना मिळाला नाही. नियमाने हेच उलटं करता येतं. मर्यादेला टेकलेलं माप नंतर कितीही वेळा मर्यादेत आलं, तरी पुढची तपासणी लवकर लावायची. अशी अट कार्डावर असती, तर नट न बदलताही तो पुढे वेळेत पकडला गेला असता.

म्हणजे तपासणीतलं अंतर वाढवणं चूकच?

नाही. उगाच उघडलेलं पॅनेलही धोक्याचंच असतं. जेवढ्या वेळा काही सुटं कराल, तेवढ्या वेळा ते चुकीचं बसवण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षांच्या नोंदी दाखवत असतील की एखादा भाग टिकतोय, तर अंतर वाढवणं शहाणपणाचंच आहे.

पण अंतर वाढवायचं, तर त्याच भागाच्या मोजमापांवरून वाढवावं. ‘आतापर्यंत काही झालं नाही’ हा पुरावा होत नाही. झीज होत असते तोपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

वेळ वाचवण्यासाठी कामाची पद्धतच बदलली तर?

२५ मे १९७९. शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून निघालेल्या अमेरिकन एअरलाइन्सच्या १९१ क्रमांकाच्या डीसी-१० विमानाचं डावं इंजिन, ते ज्याला लटकतं त्या पायलॉनसकट, धावपट्टीवरच निखळलं. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे दोन, असे २७३ जण गेले.

उत्पादकाची पद्धत अशी होती: आधी इंजिन उतरवायचं, मग पायलॉन. कंपनीने दोन्ही एकत्रच फोर्कलिफ्टने उतरवायला सुरुवात केली. त्यामुळे प्रत्येक विमानामागे सुमारे २०० मनुष्य-तास वाचत होते. शिवाय कमी नळ्या आणि तारा सोडाव्या लागत, म्हणजे सुरक्षेच्या बाजूनेही एक युक्तिवाद तयार होता. पण फोर्कलिफ्टने एवढा बोजा मिलिमीटरभरही न हलवता धरता येत नाही. अमेरिकेतल्या टल्सा शहराच्या हँगरमध्ये मार्च महिन्यात हे काम पाळी बदलताना अर्धवट थांबलं. काट्यांवरचा तो बोजा थोडा सरकला आणि पायलॉनच्या मागच्या भागात सुमारे दहा इंचांची भेग पडली. त्यानंतर आठ आठवडे विमान उडत राहिलं.

मला जास्त खटकतं ते पुढचं. कॉन्टिनेंटल कंपनीतही याच पद्धतीने डिसेंबर १९७८ आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये असंच नुकसान झालं होतं. ते सापडलं, दुरुस्तही झालं. पण ती ‘देखभालीतली चूक’ धरली गेल्यामुळे नियामकाला कळवण्याच्या यादीत बसली नाही आणि बाकीच्या कंपन्यांना ती कळलीच नाही.

देखभाल रात्रीच का करतात?

दिवसा विमान पैसे कमावतं म्हणून. रात्री ते उभं असतं तेव्हाच हात लावता येतो. पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाचं शरीर सगळ्यात सुस्त असतं, आणि नेमकं याच वेळात ‘सहाच्या फेरीला विमान हवंय’ हे घड्याळ सगळ्यात जोरात वाजत असतं.

ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणाचं प्रकरण याच वेळातलं. जून १९९० मध्ये बर्मिंगहॅमच्या हँगरमध्ये रात्रपाळीला माणसं कमी होती, म्हणून पाळीच्या व्यवस्थापकाने बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॉकपिटची डावी काच स्वतःच बदलली. नवे बोल्ट त्याने जुन्यांशी नजरेने जुळवून घेतले. ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाने थोडे बारीक होते आणि उरलेले सहा लांबीने कमी. १० जूनला मालागाकडे जाताना १७,३०० फुटांवर काच उडाली आणि कॅप्टन अर्ध्याहून जास्त बाहेर ओढला गेला. केबिन क्रूने त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. कॅप्टन जगला आणि पुन्हा उडवायलाही लागला.

तो व्यवस्थापक आळशी नव्हता. उलट माणसं कमी आहेत म्हणून स्वतः अंगावर घेऊन काम पूर्ण करणारा होता. अशा माणसाला सगळ्या कंपन्या शाबासकी देतात, म्हणूनच हे प्रकरण अवघड आहे.

पाळी बदलण्याची वेळ तर खास धोक्याची. ११ सप्टेंबर १९९१ ला टेक्सासमध्ये ईगल लेकजवळ कॉन्टिनेंटल एक्सप्रेसच्या २५७४ क्रमांकाच्या विमानाची शेपटीच्या आडव्या पंखाची पुढची कड हवेत निघून गेली. १४ जण मेले. आदल्या रात्री एका पाळीने त्या कडेवरचे वरचे ४७ स्क्रू काढले होते. पुढच्या पाळीला ते नीट सांगितलं गेलं नाही आणि स्क्रू परत बसलेच नाहीत.

पण केलेलं काम दुसऱ्या कोणी तपासायचा नियम असतो ना?

असतो, पण सगळ्या कामांना नाही. उड्डाणाच्या नियंत्रणांशी संबंधित आणि तशाच नाजूक कामांना स्वतंत्र तपासणी लागते. कॉकपिटच्या त्या काचेचं काम त्या वेळी या यादीत नव्हतं, त्यामुळे करणाराही तोच आणि तपासणाराही तोच.

आणखी एक चांगला नियम आहे: एकच काम सगळ्या इंजिनांवर एकाच माणसाने एकाच वेळी करायचं नाही. त्याचं कारण ५ मे १९८३ ला मायामीजवळ दिसलं होतं. ईस्टर्न एअरलाइन्सच्या ८५५ क्रमांकाच्या ट्रायस्टार विमानाच्या तिन्ही इंजिनांमध्ये चिप डिटेक्टर (तेलातले धातूचे कण पकडणारा भाग) बसवताना ओ-रिंगा, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्या, राहून गेल्या. तिन्ही इंजिनांतलं तेल गळालं. एक इंजिन पुन्हा सुरू करून वैमानिकांनी विमान कसंबसं मायामीला परत आणलं. १७२ जण सुखरूप उतरले.

दुसऱ्या माणसाची सही कामाची ठरते ती तो खरोखर शिडी चढून बघत असेल तरच. खुर्चीत बसून ‘तू केलंस ना, मग ठीकच असेल’ म्हणत ठोकलेली सही म्हणजे पहिलीचीच कार्बन कॉपी. ओळखीच्या, हुशार सहकाऱ्याच्या कामावर अशी सही सगळ्यात सहज होते.

बिघाड असूनही विमान उडवतात, हे खरं आहे?

हो, आणि त्यात दचकण्यासारखं काही नाही. एमईएल नावाची एक मंजूर यादी असते. कुठली गोष्ट बंद असताना, कुठल्या अटींवर आणि किती दिवस उडता येईल, हे तिच्यात लिहिलेलं असतं. बी गटातल्या बिघाडाला तीन दिवस मिळतात, सी गटाला दहा आणि डी गटाला १२०. ए गटाची मुदत त्या-त्या नोंदीसोबतच दिलेली असते.

लक्ष ठेवायचं ते पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्नॅगवर. बिघाड ढकलला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी बंद केला, दोन दिवसांनी पुन्हा उघडला. कागदावर प्रत्येक वेळी सगळं नियमात असतं. प्रत्यक्षात तो बिघाड महिनाभर दुरुस्तच झालेला नसतो.

भारतात यावर लक्ष कोण ठेवतं?

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. देखभाल करणाऱ्या संस्थेला सीएआर-१४५ या नियमाखाली मंजुरी लागते, अभियंत्याला सीएआर-६६ खाली परवाना लागतो आणि काम झाल्यावर विमान सेवेत सोडण्याचं प्रमाणपत्र त्याच परवान्याच्या बळावर दिलं जातं. सही व्यक्तीची असते. चौकशी होते तेव्हा परवाना त्या व्यक्तीचा जातो. घाई करायला लावणाऱ्याकडे बहुधा जायला परवानाच नसतो.

जून २०२५ मध्ये डीजीसीएच्या पथकांनी दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या विमानतळांवर रात्री आणि पहाटे पाहणी केली. नंतरच्या निवेदनात कंपन्यांची नावं नव्हती, पण निष्कर्ष ओळखीचे होते: तेच ते बिघाड पुन्हा पुन्हा उद्भवलेले, विमानाच्या यंत्रणेने दाखवलेले दोष टेक लॉगमध्ये न नोंदवलेले, कामाच्या लेखी सूचना न पाळलेल्या, झिजलेल्या टायरमुळे एक उड्डाण थांबवावं लागलेलं. अपुरा वेळ आणि अपुरी माणसं असली की हँगरमध्ये नेमकं हेच साचत जातं. पाहणी रात्री केली हे मला विशेष योग्य वाटलं. सकाळी अकराला जाऊन हँगर बघण्यात काही अर्थ नसतो.

नियामक असताना कंपनी तपासणी चुकवूच कशी शकते?

नियामकाचा माणूस आणि कंपनीचा माणूस वर्षानुवर्षं एकत्र काम करतात, एकमेकांना नावाने ओळखतात. २००८ मध्ये अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सचं प्रकरण बाहेर आलं ते असंच. ४६ विमानांच्या बाहेरच्या पत्र्यातल्या भेगांची अनिवार्य तपासणी राहून गेली होती. कंपनीने मार्च २००७ मध्ये ते स्वतःहून कळवलं, पण कळवल्यानंतरही ती विमानं काही दिवस उडत राहिली आणि एफएएच्या स्थानिक वरिष्ठाने ते चालू दिलं. नंतर तपासलं तेव्हा सहा विमानांत भेगा निघाल्या. एफएएच्याच दोन निरीक्षकांनी संसदेपुढे साक्ष दिली. एक कोटी दोन लाख डॉलरचा दंड प्रस्तावित झाला आणि तो ७५ लाखांवर मिटला.

त्यानंतर एफएए एकदम कडक झालं. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला एमडी-८० विमानांच्या वायरिंगची तपासणी नव्याने करण्यासाठी तीन हजारांवर उड्डाणं रद्द करावी लागली. लोक विमानतळांवर झोपले आणि शिव्या एफएएला बसल्या. आधी वर्षभर कोणी नीट बघितलं असतं, तर ही वेळ आली नसती.

स्वस्त तिकिटांच्या कंपन्या जास्त धोकादायक असतात का?

तिकिटाच्या दरावरून काही कळत नाही. वर आलेली बहुतेक नावं जुन्या, भारदस्त कंपन्यांची आहेत, हे लक्षात घ्या.

मुलगा एएमई होतोय. नोकरीत असा दबाव आला तर त्याने काय करावं?

सगळ्यात आधी, जे दिसलं ते लगेच आणि पेनने लिहायचं. तोंडी सांगितलेला स्नॅग पाळी संपली की हवेत विरतो. लिहिलेला खोडायचा झाला, तर खोडणाऱ्याला स्वतःची सही करावी लागते. अलास्काच्या प्रकरणात नट बदलायचा ठरला होता हे आज आपल्याला माहीत आहे, ते फक्त पहिल्या माणसाने कार्डावर लिहिलं म्हणून.

‘किती वेळ लागेल?’ या प्रश्नाला खुश करणारं उत्तर द्यायचं नाही. नवीन मुलं इथेच फसतात. दोन तासांचं काम एका तासात होईल असं म्हणून बसतात आणि मग तो एक तास पाळण्यासाठी पायऱ्या गाळू लागतात. दोन तास म्हणा. वर शिव्या बसतील, पण त्या दहा मिनिटांत संपतात. काम अर्धवट राहिलं तर कुठपर्यंत झालंय ते पुढच्या पाळीला लिहून द्या आणि शक्य असेल तर विमानाजवळ नेऊन दाखवा.

न बघितलेल्या कामावर सही करायची नाही. सीनियर कितीही प्रेमाने ‘अरे, मी केलंय रे, तू फक्त सही टाक’ म्हणाला, तरी ‘सर, एकदा बघून येतो’ एवढंच म्हणून शिडी चढायची. बघून आल्यावर सही केली की त्यालाही राग येत नाही. आला तर तो त्याचा प्रश्न.

कॅनडाच्या वाहतूक खात्यात १९९३ मध्ये गॉर्डन ड्युपाँट यांनी देखभालीतल्या चुकांमागच्या बारा मानवी कारणांची यादी केली. ती ‘डर्टी डझन’ म्हणून ओळखली जाते आणि कोर्समध्ये शिकवतात. तिच्यात दबाव आहे आणि ठामपणाचा अभाव हे वेगळं कारणही आहे. मुलं परीक्षेसाठी बाराही पाठ करतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी ही दोनच अंगावर येतात.

तक्रार करणाऱ्याचं पुढे काय होतं?

प्रामाणिक उत्तर: बऱ्याचदा त्रास होतो. ओकलंडमध्ये नट बदला असं लिहिणाऱ्या पाळीप्रमुखाने १९९८ मध्ये एफएएकडे तिथल्या नोंदींबद्दल तक्रार केली होती. अपघात झाला तेव्हा कंपनीने त्याला आधीच रजेवर पाठवलेलं होतं. एप्रिल २००० मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने विमान कंपन्यांतल्या तक्रारदार कर्मचाऱ्यांना संरक्षण दिलं. अमेरिकेतच १९७६ पासून नासा चालवत असलेली एक गोपनीय कळवणी यंत्रणाही आहे. तिचा मुख्य गुण म्हणजे ती कारवाई करणाऱ्या खात्याच्या हातात नाही. लोक मोकळेपणाने लिहितात ते त्यामुळे.

आपल्याकडे कंपन्यांच्या सुरक्षा विभागात स्वेच्छेने कळवायची सोय असते. ती चालते की नाही याची माझी कसोटी साधी आहे: कळवणाऱ्याला पंधरा दिवसांत उत्तर येतं का? उत्तर आलं नाही, तर तो माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही.

प्रवासी म्हणून मी काय करू शकतो?

गेटवरच्या मुलीवर ओरडू नका, तिच्या हातात काही नसतं. पण कंपनीला जाब जरूर विचारा. उशिराची खरी वेळ सांगा, खाणं द्या, पुढची फेरी जोडून द्या, हे तुमचे हक्क आहेत. ‘काहीही करा पण लवकर सोडा’ एवढी एकच मागणी करू नका, कारण ती फिरत फिरत शेवटी पंखाखालच्या माणसापर्यंत पोहोचते. महत्त्वाचं लग्न, मुलाखत किंवा ऑपरेशन असेल, तर दिवसाची शेवटची फेरी घेऊ नका. तोपर्यंत दिवसभराचा सगळा उशीर त्या विमानात साठलेला असतो.

बसल्यावर खिडकीतून पंखावर काही सैल, उघडं किंवा गळताना दिसलं तर?

केबिन क्रूला लगेच सांगा, विमान हलायच्या आधी. पंखावर पत्र्याचे ठिगळ किंवा वेगळ्या रंगाची पट्टी दिसली, तर ती बहुधा मंजूर तात्पुरती दुरुस्ती असते. तरीही विचारायला हरकत नाही. ‘कॅप्टनला कळवाल का?’ एवढं म्हणा. क्रूला ते कळवावंच लागतं.